बोरक्याचं गाव

परदेशी पत्रकार दुबईच्या विमानतळावर उतरतो तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी हमखास असतात. एक उन्हाचा चष्मा, आणि दुसरं इराणबद्दलचं तयार मत. चष्मा तो स्वतःच कुठल्यातरी टॅक्सीत विसरतो. मत उतरवायला मात्र नूरजहाँ सरखोत लागते.

दुबई मरीनातल्या एका टॉवरमध्ये पत्रकारांना परवानग्या, गाड्या आणि दुभाषे पुरवणारी एक छोटी कंपनी आहे. नूरजहाँ तिथे सिनियर रिसर्चर आहे. कार्डावर तसंच छापलंय. इंटरनॅशनल सिटीतल्या तिच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "नूरजहाँआपा, तुमचा जॉब नेमका काय?" तेव्हा ती सांगते, "टीचर आहे गं. मोठ्या मुलांची." हे काही खोटं नाही. इराणचा व्हिसा मिळता मिळत नाही, मिळाला तरी कधी मिळेल याचा भरवसा नाही. मग ही मोठी मुलं समुद्राच्या अलीकडे येऊन बसतात, कारण पलीकडच्यांचे बहीणभाऊ, मुली, जावई अलीकडे दुकानं मांडून बसलेले आहेत. त्यांच्याशी बोलून इराण समजून घ्यायचा. आणि इराण समजून घेणं म्हणजे काय, हे आधी नूरजहाँकडून शिकायचं.

तिच्या शाळेचे नियम कडक आहेत. पहिल्या दिवशी एकही प्रश्न विचारायचा नाही. वही बॅगेत, फोन खिशात. सकाळी जुन्या दुबईत, देऱ्याच्या धक्क्यावर जायचं आणि टायर, फ्रिज, डायपरची खोकी गलबतांवर कशी चढतात ते बघत उभं राहायचं. मग इराणी बेकरीच्या रांगेत. रांगेत कोण कुणाला पुढे जाऊ देतं, कोण कुणाशी बोलणं टाळतं, ते बघायचं. विद्वानांच्या मुलाखती सगळ्यांत शेवटी. "आधी विद्वान भेटला," ती म्हणते, "की पत्रकार पुढच्या सगळ्या माणसांकडून त्याचीच वाक्यं वदवून घेतो."

एकदा एका पत्रकाराने मोहरमच्या जेवणात डोक्यावर ओढणी नसलेली मुलगी पाहिली आणि इराणी तरुणांची श्रद्धा संपली, असं लिहून मोकळा झाला. नूरजहाँने त्याला समोर बसवलं. त्याच मुलीने नवसाचा केशरी भात पहाटेपासून ढवळला होता, हे सांगितलं. "तुमच्या बायकोला चर्च आवडत नाही आणि ख्रिसमसला रडू येतं, असं तुम्हीच काल सांगितलंत. एका माणसात दोन गोष्टी तुमच्या घरी मावतात, मग इराण्याच्या घरी का मावू नयेत?" त्या माणसाने लेख पुन्हा लिहिला. आजही ईदला त्याचा मेसेज येतो.

हे सगळं ती शिकली कुठे, तर देऱ्यातल्या एका जिन्यावर. तिचे वडील लियाकत सरखोत हर्णैचे. खाडीवरच्या एका माल पाठवणाऱ्या एजंटाकडे ते कारकून होते. शेजारी दक्षिण इराणच्या किनाऱ्यावरची कुटुंबं. त्यांच्या पोरींबरोबर जिन्यावर खेळता खेळता नूरजहाँच्या तोंडी फारसी बसली. पुढे मुंबईला जाऊन तिने फारसी घेऊन बी.ए. केलं तेव्हा प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला होता, कारण तिची फारसी अस्खलित होती पण खलाशांची होती. ती सुधारली. खलाशांची मात्र तिने सोडली नाही, आणि त्याचा तिला अजून गर्व आहे.

वडिलांकडून तिने आणखी एक गोष्ट घेतली. धक्क्यावर गलबत लागलं की लियाकतभाय नाव न वाचता, नुसता नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आकार बघून बंदर सांगत. "बेटी, लाकूड तासणाऱ्याचा हात लपत नाही," असं म्हणत. लहानपणी तिला ही जादू वाटायची.

तर गेल्या हिवाळ्यात कोपनहेगनहून हेन्रिक नावाचा पत्रकार आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. उंच, शांत, थोडी फारसी येणारा. पहिल्या दिवशी खरोखर एकही प्रश्न न विचारणारा तो नूरजहाँचा पहिलाच विद्यार्थी. त्याला मोठ्या शहरांचा इराण नको होता. किनाऱ्यावरच्या गावात राजकारण कसं चालतं, ते त्याला समजून घ्यायचं होतं. सोबत फोटोग्राफर म्हणून कंपनीने विन्स्टनला दिलं होतं.

विन्स्टन वसईचा. चाळिशी गाठलेला, हाताने फार चांगला, तोंडाने जरा जास्तच. त्याचे डॅडी वसईत चर्चच्या सणांचे नि लग्नांचे फोटो काढत. हा दुबईला आला तो मोठा फोटोग्राफर व्हायला, आणि इतकी वर्षं हॉटेलांच्या बुफेचे आणि कॉर्पोरेट क्रिकेटच्या ट्रॉफ्यांचे फोटो काढत राहिला. हेन्रिकचं वर्तमानपत्र म्हणजे त्याच्या लेखी लॉटरी होती.

नूरजहाँने दोघांना शारजा औद्योगिक क्षेत्रात नेलं. दोन गॅरेजांच्या मध्ये मरियमचं शिवणकामाचं वर्कशॉप आहे. सिक्युरिटी गार्डांचे नि शाळांचे युनिफॉर्म तिथे शिवले जातात. मरियम हे तिचं खरं नाव नव्हे. तिची आई पलीकडून लेकीला भेटायला आली होती. तिला सगळे नुसतं बीबी म्हणत. तिचं नाव इथेही सांगायचं नाही, गावही नाही. का, ते पुढे कळेलच.

दारातच मरियमने नूरजहाँला बाजूला घेतलं. "खानुम, या गोऱ्यांची खात्री मला नको. तुमची द्या."

"तुझ्या आईचं नाव-गाव कुणालाही कळणार नाही," नूरजहाँ म्हणाली. "माझी जबान."

एवढ्यावर मरियमने चहा टाकला.

बीबी आत खुर्चीवर ताठ बसली होती. पायात भरतकामाची सलवार, डोक्यावर फुलाफुलांची पातळ ओढणी आणि चेहऱ्यावर बोरके. बोरके म्हणजे आपल्याकडचा अंगभर बुरखा नव्हे. कपाळ, नाक आणि गाल झाकणारा कापडाचा कडक तुकडा, डोळ्यांपुरता उघडा. त्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायका अजून तो लावतात. बीबी स्वतः बोरकी शिवायची. गावातल्या निम्म्या बायकांच्या तोंडावर तिच्याच हातचं काम होतं.

हेन्रिकने विचारलं, "तुम्ही सरकारच्या बाजूने आहात की विरोधात?"

नूरजहाँने हा प्रश्न भाषांतर करण्याआधी त्याच्याकडे शाळामास्तरणीसारखं पाहिलं. पण केलं.

बीबीने खडीसाखर दातांत धरून चहाचा घोट घेतला. "पोरा, मी पाण्याच्या बाजूने आहे."

मग तिने सांगितलं. गावात नळ यायचा होता. प्रत्येक निवडणुकीआधी तो येतच होता. उन्हाळ्यात टँकरही बंद झाला तेव्हा बायका रिकामे डबे घेऊन हमरस्त्यावर बसल्या. पुढे बीबी. आणि बोलायला बीबीची नात, मरियमच्या भावाची मुलगी, जी गावच्या सरकारी शाळेत शिकवते. अधिकारी आला. नात उभी राहिली आणि छापील फारसीत, आवाज न चढवता, कायद्यातलं कलम सांगून बोलली. हे सांगताना बीबीची मान आणखी ताठ झाली.

"मग अधिकाऱ्याने पोलीस बोलावले?" हेन्रिकने विचारलं.

"कसे बोलावणार? तो आमच्याच गल्लीतला. त्याची आई माझ्या शेजारी डबा घेऊन बसली होती. आम्हाला उठा म्हणायचं तर आईलाही म्हणावं लागलं असतं."

हेन्रिक लिहिता लिहिता थांबला. नूरजहाँच्या मनात आलं, आता याला इराण दिसायला लागला. सरकार म्हणून कुणी एक दगडी भिंत नसते. त्या भिंतीलाही आई असते, आणि ती रस्त्यात बसलेली असते. अशा क्षणासाठीच तर ती हे काम करत होती.

"पाणी आलं?"

"टँकर आला. नळ यायचाय. पण त्या अधिकाऱ्याच्या वरचे साहेब लांबच्या शहरातले. त्यांची आई आमच्यात नव्हती. त्यांनी नातीला बोलावून समज दिली. पुन्हा नाव कानावर आलं तर नोकरी तर जाईलच, पुढचंही बघू, म्हणाले."

बीबीचा चेहरा नको, एवढी सूचना विन्स्टनला होती. त्याने मशीनचे, कापडाचे, हातांचे फोटो काढले. चहा पिताना बीबीचं अनुकरण करायला जाऊन खडीसाखर घशात अडकवून घेतली, त्यावर बीबी मनसोक्त हसली. निघताना सगळ्यांनी एकमेकांना खुदा हाफिज केलं. दिवस झकास गेला होता.

संध्याकाळी नूरजहाँ घरी मच्छीचं सालन ढवळत होती. तेव्हा विन्स्टनचा मेसेज आला. 'आपा, हे बघा. एडिटर फ्लॅट.'

तिने फोन उघडला आणि क्षणभर हातातला चमचा थांबला. बीबी चहाचा पेला खाली ठेवत वर बघत होती. खिडकीतला उजेड बोरक्याच्या कापडावर पडला होता आणि मधोमध ते दोन डोळे. मागून झारा, तिची कॉलेजातली मुलगी, डोकावली. "मम्मा, शी लुक्स लाइक अ क्वीन."

"आहेच ती," नूरजहाँ म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता.

मग तिने फोटो मोठा केला आणि फोन दिव्याखाली धरला. बोरक्याच्या कपाळावरची ती अरुंद पट्टी. नाकावरचा तो उंच कणा. खालच्या कडेची ती टोकदार कापणी. देऱ्याच्या जिन्यावर नूरजहाँने लहानपणापासून ही बोरकी पाहिली होती. प्रत्येक गावाचं कापणं वेगळं, कडा वेगळ्या, आणि शिवणारी ओळखीची असेल तर टाकाही वेगळा. तिकडच्या कुणाही बाईला हा फोटो दाखवा, ती आधी गाव सांगेल आणि मग म्हणेल, अरेच्चा, ही तर बोरकी शिवणारी बीबी. आणि बीबी कळली की तिची नातही कळली. चेहरा झाकलेला होता, पण नाळ उघडी होती.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड? इट्स जस्ट अ मास्क, नो?" झारा म्हणाली.

नूरजहाँने गॅस बंद केला आणि विन्स्टनला फोन लावला.

"हा फोटो नाही जायचा, विन्स्टन."

"आपा, मजाक करताय का? चेहरा कुठे दिसतोय? फेस कव्हर्ड आहे, टोटली."

तिने समजावलं. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं मी बिर्याणीच्या डेगचीचे फोटो काढतोय. कोणी विचारलं नाही, हा कोणी काढला. आज पहिल्यांदा फ्रंट पेजवर माझं नाव येतंय. आणि तुम्ही म्हणताय कापडाची कड चुकली."

"कड चुकली नाही. कड बरोबर आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे."

"डेन्मार्कचा पेपर तिकडच्या गावात कोण वाचतंय?"

"पेपर कोणी वाचत नाही. फोटो सगळे बघतात. तुझ्या वसईत कोणाच्या लग्नात काय झालं, ते तुला इथे किती वेळात कळतं?"

ते त्याला पटलं होतं आणि म्हणूनच त्याला जास्त राग आला होता.

हेन्रिकला सांगणं त्यामानाने सोपं गेलं. सुरुवातीला तोही म्हणाला की आपण शब्द पाळलाय, चेहरा दाखवलेला नाही. तेव्हा नूरजहाँ म्हणाली, "तुमचा शब्द चेहऱ्याचा होता. माझा शब्द ती कोण हे कळू न देण्याचा आहे." आणि तिने त्याला धक्क्यावरच्या गलबतांची, वडिलांची गोष्ट सांगितली. लेखातूनही तो बोरक्याचं वर्णन काढेल, गावाची खूण काढेल, हे त्याने आपणहून कबूल केलं. पण संपादकाला पहिल्या पानासाठी चेहरा हवा होता, निदान डोळे. फोटो नसेल तर बातमी आत जाईल आणि निम्मी होईल. "उद्या दुपारपर्यंत थांबवून धरतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी."

सकाळी विन्स्टनने गाडी काढली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तो एरवी अखंड बोलतो, त्या दिवशी रेडिओसुद्धा लावला नाही. तिला त्याचं वाईट वाटत होतं. फोटो खरोखरच चांगला होता, आणि चांगली गोष्ट आपल्या हाताने परत घ्यायला लावणं काही सुखाचं नसतं. शेवटी औद्योगिक क्षेत्राच्या वळणावर तोच म्हणाला, "डॅडी असते तर म्हणाले असते, फोटो मागून घ्यायचा असतो, ओढून नाही."

"मग?"

"मग काय, खलास. यल्ला, चला."

वर्कशॉपमध्ये नूरजहाँने आडवळण न घेता बीबीसमोर फोन धरला. मरियमने फोटो पाहिला आणि तिचा चेहरा पडला. तिचं सगळं बालपण दुबईत नातेवाइकांकडे गेलेलं, बोरके तिने कधी लावलेलं नाही. त्यामुळे तिलाही काल ते खटकलं नव्हतं.

बीबी मात्र फोटोकडे कौतुकाने बघत राहिली. "छान आलाय," ती म्हणाली. "ठेवणीतलं होतं ते. मुद्दाम लावलं."

"मुद्दाम?" नूरजहाँने विचारलं.

"मग? मी काय तोंड लपवायला आले होते? बोलले मी, तर कळू दे की मी बोलले."

रात्रभर ती या बाईला वाचवायला निघाली होती आणि बाईला वाचायचं नव्हतं. इराणी माणूस समजावून सांगायचा धंदा करून इतकी वर्षं झाली, तरी समोरच्याला विचारायच्या आधी आपणच ठरवून बसलो, हे तिच्या लक्षात आलं. तिने विचारलं, "बीबी, आणि नात?"

बीबीने समोरचा फोन हाताने बाजूला सारला. शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"हो," ती अखेर म्हणाली. "बोलणं माझं, भोगणं पोरीचं. ते बरोबर नाही."

"मग फोटो राहू दे," मरियम घाईने म्हणाली. "फोटोशिवायच छापा."

"आणि माझं पाणी आतल्या पानावर?" बीबीने नूरजहाँकडे पाहिलं. हेन्रिकचं सगळं म्हणणं नूरजहाँने तिला सांगितलंच होतं. मग बीबी लेकीकडे वळली. "तुझ्याकडे कापडाच्या चिंध्या असतील ना गं?"

"आई, आत्ता शिवण काय काढतेस?"

बीबी उठली आणि स्वतःच कटिंगच्या टेबलाखालचं पोतं उपसू लागली. सिक्युरिटी गार्डांच्या गडद निळ्या युनिफॉर्मचा एक तुकडा तिने उजेडात धरला, चोळून पाहिला, नाक मुरडलं आणि ठेवून घेतला. नाकावरच्या कण्यासाठी तिकडे बांबूची काडी घालतात. इथे बांबू कुठला? शर्टाच्या कॉलरमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. त्यातली एक तिने उचलली.

कापताना ती बोलत होती आणि नूरजहाँ विन्स्टनला मराठीत सांगत होती. कपाळ किनाऱ्यासमोरच्या बेटावरच्या बायकांसारखं, रुंद. नाक खाडीपलीकडच्यांचं, बसकं. "आणि ही खालची कड," बीबी म्हणाली, "त्या गावची, जिथे माझ्या बापाने मला द्यायचं नाकारलं होतं. चांगला मुलगा होता तो." मरियमने कानांवर हात ठेवले. विन्स्टनला हसू आवरेना.

सगळं कापून झाल्यावर बीबीने सुईदोरा बाजूला सारला. "माझा टाका ओळखतील. तू मशीनवर मार."

मरियमने आईकडे पाहिलं, मग मशीनवर बसली. जिने आयुष्यात बोरके लावलं नाही, तिने त्या सकाळी एक शिवलं. युनिफॉर्मची शिलाई जशी सरळ, बिनचेहऱ्याची असते, तशीच ती होती. ते बोरके कुठल्याही गावचं नव्हतं.

बीबीने ते बांधलं. मरियमच्या हेल्परची साधी काळी ओढणी डोक्यावर घेतली, कारण तिच्या फुलांच्या ओढणीलाही गाव होतं. खुर्ची कोऱ्या भिंतीपाशी ओढली, म्हणजे मशीन नि युनिफॉर्मच्या थप्प्या मागे दिसू नयेत. आणि विन्स्टनकडे पाहून हाताने खूण केली, हं, काढ.

विन्स्टनने या वेळी कॅमेरा लगेच उचलला नाही. आधी नूरजहाँमार्फत विचारलं, कशी बसणार, कुठे बघणार. मग फोटो काढले. स्क्रीन बीबीला दाखवली. तिने दोन नाकारले आणि एक पसंत केला.

"पहिल्याचा लाइट जास्त भारी होता," गाडीत बसल्यावर विन्स्टन प्रामाणिकपणे म्हणाला. "पण यात डोळे हसतायत, आपा. बघा तुम्ही. एकदम मिश्किल."

"मग पाठव हेन्रिकला."

त्याने अंगठा फोनवर धरला आणि तो तसाच राहिला. "एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "माझी वेबसाइट आहे. विन्स्टन, दुबई, असं मोठ्या अक्षरात. माझं नाव खाली आलं तर फोटो इथला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग तिकडून या महिन्यात लेकीकडे कोण कोण आलं, ते शोधायला कितीसा वेळ लागतो?"

नूरजहाँच्या हे डोक्यात आलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"फोटो बिननावाचा जाऊ दे," विन्स्टन म्हणाला आणि मेसेजमध्ये तसं लिहून पाठवून दिलं. मग रेडिओ लावला. नूरजहाँला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला, की तो तिथल्या तिथे बोलून दाखवल्यावाचून तिला राहवलं नाही. "तुझ्या डॅडींना आज बरं वाटलं असतं," ती म्हणाली. विन्स्टनने नाक ओढलं आणि पुढच्या ट्रकवाल्याला हॉर्न दिला.

बातमी पहिल्या पानावर आली. हेन्रिकने ती लिहिलीही तशीच होती. त्यात एक गाव होतं, पाणी होतं, कायदा तोंडपाठ असलेली एक तरुण बाई होती आणि रस्त्यात बसलेली अधिकाऱ्याची आई होती. ते गाव किनाऱ्यावरचं कुठलंही असू शकलं असतं; त्या उन्हाळ्यात पाण्यासाठी बायका गावोगाव रस्त्यावर बसल्या होत्या. तिकडच्या साहेबांना नातीचं नाव सुचलं नाही. बीबी आपलं ठेवणीतलं बोरके बॅगेत तळाशी घालून सुखरूप परत गेली. नात अजून शिकवते आहे, एवढं मरियमकडून कळतं.

तो फोटो नूरजहाँला वाटलं होतं त्याहून जोरात फिरला. लोकांनी आपापल्या फोनवर एकमेकांना पाठवला, वर फारसीत तिचं पाण्याच्या बाजूचं वाक्य लिहिलं. नूरजहाँने हे सगळं लांबून पाहिलं आणि ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी ती आणि विन्स्टन नव्या पत्रकाराची तयारी म्हणून देऱ्यात गेले होते. अन्वरच्या इराणी किराणा दुकानात ती सुकी लिंबं निवडत होती. काउंटरपाशी दोन वयस्क बायका एका फोनवर वाकून हमरीतुमरीवर आल्या होत्या.

"आमच्या बेटावरची आहे. कपाळ बघ ना. एवढं रुंद कपाळ तुमच्याकडे कोण कापतं?"

"कपाळावर जाऊ नकोस. नाक बघ. हे बसकं नाक आमच्या खाडीचं. आणि असं तोंडावर बोलणारी बाई तुमच्याकडे जन्मली कधी?"

गल्ल्यावरच्या अन्वरने मान लांब करून फोन पाहिला. "दोघी चुकताय. खालची कड माझ्या आजोळची आहे. माझी मावशी हुबेहूब अशी बोलायची."

मग तिघंही एकदम बोलायला लागली. गंमत म्हणून कुणीच बोलत नव्हतं. ती बाई आपल्याच गावची असली पाहिजे, यासाठी तिघं खरोखर भांडत होती.

विन्स्टनला फारसी कळत नव्हती, पण फोनवर काय आहे ते लांबूनही दिसत होतं. त्याने हातातली रोट्यांची थप्पी छातीशी धरली आणि नूरजहाँकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो दात काढून हसत होता. तिने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

बेटावरच्या बाईचं लक्ष तिच्याकडे गेलं. "खानुम, तुम्ही इतक्यांना ओळखता. तुम्हीच सांगा, ही कुणाकडची?"

नूरजहाँने फोन हातात घेतला. नीट, लांब धरून पाहिला. बीबी मिश्किल बघत होती.

"मला काय कळतंय त्यातलं," ती खलाशांच्या फारसीत म्हणाली आणि फोन परत केला. "मी हर्णैची."